डाव्या खांद्याखाली

३ फेब्रुवारी

धाकटे,

तुझी खुशाली विचारत नाही. ती मला लोक न विचारता सांगतात. तुझ्या हाताखाली आता चार बायका आहेत, डॉक्टर तुला नावानं हाक मारतात, आणि सासूबाई तुझ्याकडे राहून गुटगुटीत झाल्यात. कळलं. ऐकूनच पोट भरलं.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू गोड बोलतेस आणि मी कशासाठी रागावले होते तेच विसरते. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येत नाही. अक्षर मोठं आहे आणि ओळी घसरतात, चौथी शिकलेल्या बाईचं असंच असायचं. पण घसरायला दुसरंही कारण आहे, त्यासाठीच बसलेय लिहायला.

माझ्या डोक्यात गाठ आहे. नाकाच्या मुळामागे, डोळ्यांच्या नसांखाली, वाटाण्याएवढी ग्रंथी असते. आपण दोघींनी असल्या ऑपरेशनांत किती जणांची डोकी धरली, आपल्याला काय माहीत नाही? तर माझा वाटाणा माजला. त्यावर गाठ धरली. दोन वर्षं हात वाढत होते, पाय वाढत होते. बोटातली अंगठी साबण लावून निघेना, शेवटी कापली. चपला ह्यांच्या मापाच्या घेते. आवाजही घोगरा झालाय. नाक तर असं पसरलंय की आरशात बघितलं की माझा भाऊच दाढी करायला आलाय असं वाटतं. मी म्हणत होते, वय झालं. वय झालं की माणूस आकसतं, वाढत नाही, एवढं डोक्यात आलं नाही. डोक्यात जागाच कुठं होती!

आता कडेचं दिसत नाही. समोरचं दिसतं, दोन्ही बाजूंचं गेलं. घोड्याला झापडं लावतात तसं. दाराच्या चौकटीला रोज एकदा तरी खांदा घासते. डॉक्टर म्हणाले, गाठ लवकर काढली तर गेलेलं परत येईल, उशीर केला तर समोरचंही जाईल. इथं काढायची तर कपाळ उघडून. नाकातून दुर्बीण घालून काढणारे डॉक्टर फक्त तुमच्याकडे.

तुमच्याकडे! सगळ्या दुनियेत दवाखाने आहेत आणि माझ्या नाकाला तुझंच थिएटर सापडलं.

तारीख कळली की कळवीन. तेवढ्यासाठी लिहिलं. त्या दिवशी तू सुट्टी काढ. तुझ्या त्या चार बायकांपैकी कुणीही माझं डोकं धरू दे. तू नको.

तुझी थोरली जाऊ


१२ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं उत्तर मिळालं. त्याला पत्र म्हणतात का? "जाऊबाई, या. सुट्टी मिळत नाही आणि मी मागणारही नाही. भाऊजींना आमच्याकडेच उतरायला सांगा." झालं. बाकी कागद कोरा. आणि अक्षर मोत्यासारखं. तेही तुझंच चांगलं असायला हवं!

ह्यांनी वाचलं आणि म्हणाले, "बघ, किती माया आहे." मी म्हटलं, माया कुठल्या ओळीत आहे ते बोट ठेवून दाखवा. बसले टाळू खाजवत.

मला काय वाटतं ते ऐक. तू लग्न होऊन घरात आलीस तेव्हा तुला ताट-वाटी धड मांडता येत नव्हती. तुला मी दवाखान्यात लावलं. टेबलावर माणूस कसा ठेवायचा ते मी दाखवलं. नाकाचं ऑपरेशन असेल तर डोकं छातीपेक्षा वर, म्हणजे रक्त खाली उतरतं आणि दुर्बिणीला लाल चिखल दिसत नाही. तोंड थोडं उजवीकडे, डॉक्टर उभे असतात तिकडे. टाचांखाली मऊ, कोपरांखाली मऊ, डोळ्यांवर पट्टी. आणि मान जागेपणीच वळवून बघायची, पेशंटला विचारत विचारत, कारण झोपलेला माणूस ओरडत नाही. हे वाक्य माझं. कुणी पुस्तकातून दिलं नव्हतं. परवा इथला एक डॉक्टर तुमच्याकडे जाऊन आला. सांगत होता, तिथल्या ताई फार छान बोलतात हो, म्हणतात, झोपलेला माणूस ओरडत नाही. 

वाक्यही घेऊन गेलीस.

मोठ्या दवाखान्यातून कामाला माणूस बघायला आले होते तेव्हा ते माझ्यासाठी आले होते. सगळ्यांना माहीत होतं. मीच तुला म्हटलं होतं, तूही उभी राहा बाजूला, शिकशील. त्यांनी तुझे हात बघितले. लहान, गार, मऊ. डोकं असं उचललंस की जणू दुधाचं पातेलं. आणि माझे हात तेव्हाच सुजायला लागले होते बहुतेक, आता मागे वळून बघितलं की वाटतं. ते गेले, आणि महिन्याभरात तू गेलीस, नवऱ्याला घेऊन, सासूबाईंना घेऊन. सासूबाईंनी तर पिशवी मला कळायच्या आधीच भरून ठेवली होती. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय!

आता एक. हे तुला फोनवर काहीतरी मानेचं सांगतील. त्यांचं ऐकू नकोस. मी पलंगावर भिंतीकडच्या बाजूला झोपते, कारण मला तिकडे गार लागतं. कप हातातून पडला तो मांजर आडवं आलं म्हणून. उजव्या हाताची दोन बोटं कधी कधी बधिर होतात, ती थंडीनं. थंडी संपत आली आहे हे मलाही कळतं. मानेला काही झालेलं नाही.

ऑपरेशन सत्तावीसला. पुन्हा सांगते, सुट्टी काढ.

थोरली


२१ फेब्रुवारी

धाकटे,

गाडी पंचवीसला सकाळी. हे तुमच्याकडे उतरणार असं ठरलंच असेल तुमचं, मला विचारतो कोण. नियम लिहून देते.

ह्यांना दुसऱ्यांदा वाढायचं नाही. नको नको म्हणत ताट पुढे करतात. शर्टांना इस्त्री करून द्यायची नाही. मागे एकदा तुमच्याकडून कडक इस्त्रीचे शर्ट घालून आले होते आणि आठवडाभर मला कॉलर दाखवत होते. चहाची स्तुती केली तर मान्य करायची नाही. म्हणायचं, जाऊबाईंचा चांगला असतो.

सासूबाईंना दवाखान्यात आणू नकोस. मला असं थोराड बघून त्या "अगं बाई" म्हणतील, आणि त्यांचं "अगं बाई" कसं असतं ते तुला माहीत आहे. बाहेरच्या रस्त्यापर्यंत जातं.

आणि माझ्यासमोर तुझे हात उगाच हलवू नकोस. एवढंच.

थोरली


२६ फेब्रुवारी, वॉर्डातून

धाकटे,

आत्ताच तुझ्यासमोरून आले आणि लगेच लिहितेय, कारण तोंडावर बोलले असते तर भूलवाल्या मॅडमना तमाशा झाला असता.

तुझं थिएटर बघितलं. चकचकीत आहे. आमच्याकडे टेबल वर करायला पायानं दांडा मारावा लागतो, तुझ्याकडे बटण दाबलं की लिफ्टसारखं येतं. डोकं ठेवायची ती घोड्याच्या नालासारखी गादी, तिच्यावर एक सुरकुती नाही. हेवा वाटला का विचार. वाटला. लपवत नाही. त्या टेबलाला मी हात लावला तेव्हा तुझी एक बाई म्हणाली, "आजी, हात नका लावू." आजी! तू म्हणालीस, "अगं, त्या आजी नाहीत, त्या माझ्या गुरू आहेत." सगळ्यांसमोर! मला इतका राग आला की सांगता येत नाही. गुरू म्हणायचं आणि खुर्चीत आपण बसायचं.

मग म्हणालीस, "जाऊबाई, पाठीवर झोपा. उद्याचं आज करून बघू."

"मला शिकवतेस?"

"इथं सगळ्यांनाच सांगते. मोठ्या डॉक्टरांच्या आईलाही सांगितलं होतं."

"तिनं ऐकलं?"

"त्यांची जीभ तुमच्याएवढी नव्हती."

"माझी जीभ रोगानं वाढलीय. मॅडमना विचार."

मॅडम हसल्या. म्हणाल्या, खरंच वाढलीय, उद्या नळी घालताना मला जड जाणार आहे. तू खाली बघून हसलीस. मला दिसलं. बाजूचं दिसत नसलं तरी समोरचं दिसतं मला.

मग तू माझं डोकं हातांत घेतलंस. म्हणालीस, "आता माझ्याकडे वळवा. उजवीकडे, हळू. जिथं दुखेल तिथं थांबा."

मी वळले.

"दुखतंय?"

"नाही."

"हातात मुंग्या?"

"नाहीत."

"आणखी वळेल?"

"वळव की."

तू वळवलं नाहीस. थांबलीस. मग म्हणालीस, बरं, उठा.

माझा डावा खांदा चादरीखाली थोडा उचलला गेला असेल, तर तो खाज सुटली म्हणून. मानेचं वळण खांद्यानं भरून काढता येतं, हे पेशंटांना माहीत नसतं. मलाही माहीत नाही, असं समज.

तू असं का बघत होतीस? मानेचं निघालं की आणखी फोटो, आणखी डॉक्टर, तारीख पुढे. तोवर माझ्या समोरचाही अंधार होईल. आणि आमच्याकडे कळलं की ह्या बाईची मान गेली, की मला टेबलावरून काढतील आणि चादरी मोजायला बसवतील. तू चार बायकांची बाई आणि मी चादरी मोजणारी. मेले तरी चालेल.

आता लिहितेय ते नीट वाच आणि कुणाला दाखवू नकोस. उद्या मला झोपवल्यावर मान फार वळवू नकोस. का ते विचारायचं नाही. थोरल्या जावेनं सांगितलं म्हणून ऐकायचं. मी ओरडणार नाही हे तुला माहीत आहे. पण उजवा हात गेला तर मी ताट कशानं वाढू, तुला पत्रं कशानं लिहू?

ह्यांच्या हाती पाठवते. संध्याकाळी तुमच्याकडे येतील, दुसऱ्यांदा वाढून घ्यायला.

थोरली


१ मार्च, अजून वॉर्डातच

धाकटे,

नाकात दोन्हीकडे बोळे आहेत, तोंडानं श्वास घेते, बोलले की घसा सोलतो. म्हणून शिसपेन्सिलीनं. शिंकायचं नाही, वाकायचं नाही, नाक शिंकरायचं नाही. जन्मभर नाकानं कांदे सोलले त्याची ही शिक्षा. मांडीवर चीर दिलीय, तिथली चरबी काढून आत बूच लावलंय म्हणे. निदान माझ्या चरबीचा तुमच्या दवाखान्याला उपयोग झाला.

जाग आली तेव्हा पहिल्यांदा उजव्या हाताची बोटं मोजली. पाची हलली. मग डावा खांदा दुखला. खांदा नाही, त्याच्या मागचं हाड, पाटा म्हणतात ते. मी सिस्टरला खूण केली, बघ काय आहे. ती म्हणाली, "काही नाही, लालसर वळ आहे, शिवण उमटलीय." पाठीवर शिवण कुठून आली? तिला काय विचारायचं, तिला वाटणार म्हातारी बरळतेय.

पण मी ह्याच कामात केस पिकवले. डाव्या खांद्याखाली शिवण म्हणजे डाव्या खांद्याखाली उशी. उशी म्हणजे मान वळवलीच नाही. अख्खं धडच उजवीकडे कलवलं, टेबलही तिकडे झुकवलं असणार, आणि मान धडाबरोबर सरळ. ज्याची मान वळत नाही त्याच्यासाठी असंच करतात.

मला वाटलं, बरं झालं, माझं पत्र मिळालं तुला.

मग दुपारी हे आले. नवाकोरा कडक इस्त्रीचा शर्ट. म्हटलं नव्हतं का मी? हातानं विचारलं, पत्र दिलं होतंत ना? ह्यांचा चेहरा पडला. म्हणाले, "अगं, ते जुन्या शर्टाच्या खिशात राहिलं. तो तिनं धुवायला घेतला, तेव्हा काढून ठेवलं मी पाकिटात, आणि..." आणि काय! पाकिटातून काढून माझ्या हातात ठेवलं. घडी तशीच होती.

म्हणजे तुला कुणी सांगितलंच नव्हतं.

तू चारच्या सुमारास आलीस. स्टूल ओढलंस आणि माझ्या डाव्या बाजूला बसलीस. सिस्टरनं दिलेल्या पाटीवर मी लिहिलं, "चहाडी केलीस?"

तू म्हणालीस, "केली. तुम्ही वॉर्डात गेल्यावर मॅडमना सांगितलं. त्यांनी तुमच्या डोक्याचे फोटो परत लावले, त्यात मानेचं वरचं टोक येतं. मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, वळवायची नाही, कलवायचं. तारीख पुढे ढकलायची गरज नाही. एवढंच तर होतं, जाऊबाई. सांगितलं असतंत तर काय झालं असतं?"

मी लिहिलं, "कसं कळलं?"

"तुम्ही खांदा उचललात."

"खाज."

"आपण इतकी वर्षं एकाच टेबलाशी होतो. तुम्ही मला नेहमी तुमच्या डाव्या हाताला उभं करायचात. सुरुवातीला मी घरी जाऊन रडायचे, वाटायचं, मी खालची म्हणून डावीकडे. मग एकदा त्या ट्रकवाल्याला तुम्ही एकटीनं टेबलावर ओढलंत..."

"तू जेवायला गेली होतीस," मी लिहिलं.

"गेले होते. आले तेव्हा उजवीकडून हाक मारली, तर तुम्ही अख्ख्या वळलात. फक्त मान नाही, पायांपासून अख्ख्या. तेव्हा कळलं, मला डावीकडे का ठेवता. त्यानंतर मी चुकूनही तुमच्या उजवीकडे उभी राहिले नाही."

मी पाटी पुसली. डोळे मिटून घेतले. तुला वाटलं असेल मला झोप आली. झोप नव्हती आली.

पाटीवर लिहिलं नाही ते आता कागदावर लिहिते. तुझ्या जागी मी असते तर मलाही खांदा दिसला असता. चादरीवरूनही. तुझ्या आधी दिसला असता. एवढं लक्षात ठेव.

सव्वीसचं पत्र ह्याच पाकिटात घालते. उशिरा मिळालं म्हणून काही बिघडलं नाही, पण ते तुझंच आहे.

थोरली


२३ मार्च

धाकटे,

घरी येऊन स्थिरस्थावर झाले. काल डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्या यंत्रापुढे बसवलं, समोर ठिपका बघत राहायचं आणि कडेला दिवा लागला की बटण दाबायचं. मागच्या वेळी बटण माझ्या हातात नुसतं गरम झालं होतं. काल इतकं दाबलं की ते म्हणाले, पुरे, आजी. इथंही आजी! पण नाक उतरायला लागलंय हं. चपलेत आता बोट मावतं. हाडं वाढली ती वाढली, ती काही परत जायची नाहीत, पण सूज जातेय. तुझे हात काही मला मिळायचे नाहीत.

तुमच्या मॅडमनी कागदावर मानेचं लिहून दिलंच होतं. आमच्याकडच्यांनी ते वाचलं आणि झालं माझ्या भीतीसारखं. उचलायचं काम बंद. पण चादरी मोजायला बसवलं नाही. म्हणाले, टेबलाच्या डोक्याशी उभ्या राहा आणि नव्या मुलींना सांगा, उचलतील त्या. पहिल्या दिवशी मी त्यांना सांगितलं, झोपलेला माणूस ओरडत नाही. एक म्हणाली, हे तर त्या मोठ्या दवाखान्यातल्या ताईंचं वाक्य ना? मी तिला टेबलाभोवती तीनदा फिरवलं.

मग तुझ्या उशीसारखी उशी शिवायला घेतली. माप मला विचारावं लागलं नाही, माझ्या पाठीला ठाऊक होतं. एका बाजूला चार बोटं जाड, दुसऱ्या बाजूला निमुळती, लांबी खांद्यापासून कमरेच्या वरपर्यंत. आत स्पंज, वरून रेक्झिन. बधिर बोटांनी शिवण वाकडी आली. तुझ्या उशीची शिवण तू बाहेरच्या बाजूला घेतलीस, ती तुझी चूक. आतून घ्यायला हवी होती, पेशंटच्या पाठीला वळ उठतो. मी आतून घेतली. आता त्या चार बायकांना सांग तुझ्या, की जाऊबाईंनी चूक काढली.

ह्यांना खाली चटईवर झोपवून लावून बघितली. दोन मिनिटांत घोरायला लागले. उठवलं तर म्हणतात, "धाकटीकडच्या गादीसारखं वाटत होतं." उशी काढून घेतली.

सासूबाईंनी फोनवर माझ्याशी बोलायचं म्हटलं, बोलले. "अगं बाई," म्हणाल्या, "आवाज बाईचा वाटतोय परत." ह्याला मी त्यांच्याकडून मिळालेली शाबासकी समजते. त्या तुझ्याकडेच राहू देत. मी परत मागत नाही, पण तुला वाटत असेल की मला हेवा वाटत नाही, तर तसं नाही. वाटतो. सकाळी चहाला त्यांचा कप मांडावा लागत नाही, तेव्हा वाटतो. तुझ्या टेबलाचा वाटतो. तुझ्या अक्षराचा तर हे पत्र लिहितानाही वाटतोय.

परवा दुपारी भाजी निवडत बसले होते. दारातून शेजारीण आली, उजव्या बाजूनं. मी हात थांबवला नाही, मान हलवली नाही, म्हटलं, "ये, बस." ती दचकली. दोन वर्षं तिला सवय होती, आधी खाकरायचं, मग मी अख्खी वळणार, मग बोलायचं. माझ्या लक्षात आलं, ती मला कडेनं दिसली होती. भाजी बाजूला ठेवून मी थोडा वेळ तशीच बसले, समोर बघत, आणि कडेला ती नुसती बसलेली दिसत होती.

तुला रजा असते ना वर्षात? एकदा ये. भाऊजींना आण, सासूबाईंना आण, उशी आण, दोन्ही शेजारी ठेवून बघू कुणाची चांगली. इस्त्री आणू नकोस.

आणि आलीस की डावीकडे स्टूल ओढत बसू नकोस. उजवीकडे बस. मान वळायची नाही, पण दिसशील.

तुझी थोरली जाऊ